धुरकऱ्याचा जबाब



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस आमंत्रण धाडले, तेव्हा आम्ही किमान वेतनावर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलू अशी त्यांची समजूत असावी. आम्ही विषय कळविला तो शर्यतीत गाडी हयगयीने हाकल्याबद्दल होणाऱ्या चौकशीचा. चालकांपैकी एकांनी फोन करून नम्रपणे विचारले, "हा विषय तुमच्या संघटनेत कसा काय आला?" प्रश्न रास्त होता. एक माणूस दुसऱ्याच्या मालकीच्या वाहनावर बसतो, दुसऱ्याच्या लाभासाठी घाई करतो, त्या घाईत काहीतरी मोडते, आणि मग पाच माणसे टेबलामागे बसून त्याला विचारतात की हे तू का केलेस. आमचे निम्मे आयुष्य अशा टेबलांसमोर गेले आहे. ते टेबल कारखान्यातले आहे की पटाच्या मांडवातले, एवढ्याने आमच्या दृष्टीने फारसा फरक पडत नाही.

आणखी एक खुलासा आधीच केलेला बरा. शर्यतीचा विषय आणि पुसेगाव ही दोन नावे एकत्र आली की लोकांचे मन साताऱ्याकडे धावते. खटाव तालुक्यातले पुसेगाव सेवागिरी महाराजांच्या यात्रेमुळे आणि तेथल्या बैलांच्या शर्यतींमुळे महाराष्ट्रभर माहीत आहे. आम्ही येथे येत असल्याचे सांगितले तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांस साताऱ्याच्या गाडीचे वेळापत्रक काढून दिले. आपले पुसेगाव सेनगाव तालुक्यातले, हिंगोली जिल्ह्यातले. नावाचा मान ते घेतात, बैल आपलेही पळतात.

आता मूळ विषयाकडे येऊ. जगात ज्या देशांत घोडागाडीच्या शर्यती मोठ्या प्रमाणावर चालतात, अमेरिका, कॅनडा, फ्रान्स, स्वीडन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, तेथे बहुतेक शर्यतींत घोड्यावर कोणी बसत नाही. घोड्यामागे दोन चाकांची अगदी हलकी गाडी असते, तिला सल्की म्हणतात, आणि तीत हाकणारा पाय पुढे ताणून बसतो. ह्या शर्यतीची गंमत अशी की घोड्याने चौखूर उधळायचे नसते. त्याने ठराविक चालीनेच धावायचे. एका चालीत समोरचा उजवा व मागचा डावा असे तिरपे पाय जोडीने पडतात. दुसरीत एकाच बाजूचे दोन्ही पाय जोडीने पडतात. चाल मोडून घोडा उधळला की हाकणाऱ्याने त्याला तत्काळ आवरून पुन्हा चालीवर आणले पाहिजे. सगळ्यांना सारखी सुरुवात मिळावी म्हणून १९४६ साली अमेरिकेत एक युक्ती निघाली. मोटारीला दोन्ही बाजूंना पंखांसारखे लांब दांडे लावले, ती मोटार घोड्यांच्या पुढे धावते आणि वेग आला की पंख मिटून बाजूला होते. तेव्हापासून सुरुवातीची भांडणे पुष्कळ कमी झाली. पुढची भांडणे मात्र राहिली. कारण सात-आठ गाड्या वळणावर आतली बाजू धरण्यासाठी धडपडतात. बाहेरचा गाडीवान आतल्याच्या पुरेसा पुढे जाण्यापूर्वीच आत घुसला, तर आतल्याला लगाम खेचावा लागतो, त्याच्या घोड्याची चाल मोडते, चाकाला चाक अडकते, आणि मागून येणारे त्यांच्यावर आदळतात. ह्या घुसण्याला तेथे गुन्हा म्हणतात, आणि त्यासाठी गाडीवानाला बोलावून घेऊन त्याची रीतसर सुनावणी करतात.

त्या सुनावणीतील आम्हांस सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती शिक्षेची नव्हे, शब्दांची. तिकडचे नियम निष्काळजीपणे हाकणे, बेदरकारपणे हाकणे, अकुशलतेने हाकणे अशा गोष्टी वेगवेगळ्या शब्दांनी सांगतात. आपल्याकडे पटावर काही झाले की एकच शब्द ऐकू येतो: "मस्ती". त्याला मस्ती आली होती! पण बारकाईने पाहिले तर आपल्या मराठीला हे भेद ठाऊक आहेत. जे ध्यानात यायला हवे होते ते ध्यानात आले नाही, ही हयगय. धोका ध्यानात आला आणि तरीही पुढे दामटले, हा बेदरकारपणा. दुसऱ्याला पाडण्यासाठीच अंगावर घातले, ती दांडगाई. आणि गडी नवखा, बैल त्याच्या हाताबाहेरचा, तर तो अजाणतेपणा. त्यात दोष जितका हाकणाऱ्याचा, तितकाच त्याला बसवणाऱ्याचा. सार्वजनिक रस्त्यावरील वाहनाविषयी १८६० सालच्या दंडसंहितेचे २७९ वे कलम होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे २८१ वे कलम आहे; तेथेही बेदरकारपणा आणि हयगय असे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवले आहेत. एकाने काम भागत असते तर दोन लिहिले नसते.

आता आपला शंकरपट पाहू. तळेगाव दशासरपासून इकडे आपल्या भागापर्यंत पटाची रीत गावागणिक थोडी बदलते. कोठे एकेक जोडी घड्याळावर सोडतात, कोठे दोन जोड्या शेजारी शेजारी पळवतात. पुणे जिल्ह्यातल्या घाटाची तऱ्हा निराळी, सांगली-साताऱ्याकडच्या छकड्यांची निराळी. तिकडे हाकणाऱ्याला जाकी म्हणतात, आपण धुरकरी म्हणतो. धुरकरी हा शब्द आम्हांस फार आवडतो. जो धुरेवर बसतो तो धुरकरी. पण जोडी त्याची नसते. जोडीची किंमत लाखांनी बोलली जाते, आणि धुरेवर पुष्कळदा बसलेला असतो तो मालकाचा सालगडी, किंवा हंगामापुरता बोलावलेला कोणी भूमिहीनाचा मुलगा. बक्षिसाची ढाल मालकाच्या ओटीवर लागते. धुरकऱ्याला फेटा मिळतो, काही रोख मिळते, आणि गावात नाव होते. नाव होणे ही काही लहान गोष्ट नाही, हे आम्ही जाणतो. पण कोणाचा पाय मोडला की ते नाव उलटे फिरते.

ह्या शर्यतींच्या मागे कायद्याचा मोठा प्रवास आहे. जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारने ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत त्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाड्यांच्या शर्यतींवरही बंदी कायम केली. २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, ती न्यायालयात अडली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर तात्पुरती मोकळीक दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. ह्या अटी कडक आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी पाहिजे, अंतर १००० मीटरपेक्षा जास्त नको, पशुवैद्यकांची तपासणी पाहिजे, पराणी नको, चाबूक नको, विजेचा झटका तर नाहीच नाही. अट मोडून बैलाला क्रूरपणे वागविले तर ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. बैलाच्या बाजूने न्यायालयात भांडणारे लोक होते म्हणून हे झाले. आम्ही त्यांना नावे ठेवणाऱ्यांपैकी नाही. मुक्या जनावराला वेदना होत नाहीत असे म्हणणारा माणूस उद्या कामगाराविषयीही तेच म्हणेल.

पण ह्या कडक अटींचा एक परिणाम आम्ही जवळून पाहिला. पटावर अपघात झाला की आयोजकांच्या पोटात गोळा येतो. परवानगी जाईल, अनामत जाईल, पुढच्या वर्षी पट होणार नाही. अशा वेळी सगळ्यांना एक दोषी लवकर हवा असतो. तो सापडला की कागद पूर्ण होतो आणि मांडव उठवायला मोकळीक मिळते. आणि दोषी म्हणून जो सर्वांत जवळ, सर्वांत गरीब आणि सर्वांत कमी बोलणारा असतो, तो धुरेवर बसलेला असतो.

कारखान्यांतही एकेकाळी असेच चाले. मुकादमाने बोट दाखविले की संध्याकाळी माणूस फाटकाबाहेर. १९४६ साली केंद्राने स्थायी आदेशांचा कायदा केला, तेव्हापासून मोठ्या कारखान्यांना गैरवर्तन म्हणजे काय ते लिहून ठेवावे लागले आणि शिक्षेपूर्वी कामगाराचे म्हणणे ऐकावे लागले. पुढे कायद्यांची नावे बदलली, संहिता आल्या. आरोपपत्राची रीत उरली. चौकशी चालू असता कामगाराला निलंबित केले तर पहिले ९० दिवस निम्मे वेतन निर्वाह भत्ता म्हणून द्यावे, हेही कायद्यात आले. ते आणायला किती संप झाले आणि किती माणसे खपली तो इतिहास वेगळा आहे, त्यासाठी चालकांनी आणखी एक संध्याकाळ द्यावी.

त्यातला एक निकाल मात्र आजच्या विषयाला अगदी लागू आहे. १९६३ साली असोसिएटेड सिमेंट कंपनी आणि तिचे कामगार ह्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. पीठावर आपले साताऱ्याचे न्यायमूर्ती गजेंद्रगडकर होते. मुद्दा असा की, ज्या अधिकाऱ्यांनी प्रसंग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला त्यांनीच चौकशीला बसावे काय? न्यायालयाने म्हटले की ज्याने गैरवर्तन स्वतः पाहिले असेल त्याने चौकशी दुसऱ्या कोणाकडे सोपवावी, जो त्या प्रसंगाचा प्रत्यक्षदर्शी नाही अशाकडे. सामान्य माणसाला हे प्रथम ऐकताना उलटे वाटते. ज्याने पाहिले त्यालाच तर खरे ठाऊक! पण विचार करा. ज्याने पाहिले तो साक्षीदार झाला. साक्षीदाराला प्रश्न विचारता आले पाहिजेत: तुम्ही कोठे उभे होता, ऊन कोणीकडून होते, मध्ये धुरळा होता की नाही? तोच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसला तर हे प्रश्न त्याला कोण विचारणार?

आणि येथेच शर्यतीची अडचण सुरू होते, कारण शर्यतीत पंच नेमतातच मुळी पाहण्यासाठी. ऑस्ट्रेलियातील घोडागाड्यांच्या शर्यतीत ह्या पंचांना स्टुअर्ड म्हणतात. बहुतेक प्रकरणी तेच पाहतात, तेच चौकशी उघडतात, तेच आरोप ठेवतात आणि तेच निकाल देतात. नियमाचे शब्दही असे आहेत की स्टुअर्डांच्या मते हाकणे निष्काळजीपणाचे असले की पुरे. वर अपिलाची सोय आहे. न्यूझीलंडने दुसरी वाट धरली. तेथे स्टुअर्ड तक्रार गुदरतो आणि निर्णय वेगळी समिती देते. पूर्वी त्यासाठी एक स्वतंत्र संस्था होती, १ जुलै २०२१ पासून रेसिंग इंटिग्रिटी बोर्ड आहे. नावे बदलली तरी तक्रार करणारा एक आणि निवाडा देणारा दुसरा हा भेद त्यांनी ठेवला. शिवाय निकाल लिहून प्रसिद्ध करतात. कोणता नियम, गाडीवानाने कबूल केले की नाही, तो काय म्हणाला, त्याची मागची नोंद कशी, आणि एवढीच शिक्षा का. एका लहानशा निष्काळजीपणासाठी चार-सहा दिवसांची बंदी असली, तरी तिच्या मागे कारणांचा कागद असतो. आम्हांस न्यूझीलंडची वाट पसंत आहे.

आता कोणी म्हणेल, अहो, ते श्रीमंत देश. येथे पुढची जोडी जुंपून उभी आहे, लोक ओरडताहेत, दिवस मावळतो आहे, आणि तुम्ही साक्षीपुरावे काय घेऊन बसलात? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. पण ह्यात दोन निराळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. कोणती जोडी जिंकली, कोणती बाद, हे जागच्या जागी सांगितलेच पाहिजे. तो खेळाचा निकाल. त्यात चूक झाली तर एका ढालीचे नुकसान होते. परंतु ह्या माणसाने दोन वर्षे धुरेवर बसू नये, ही माणसाची शिक्षा आहे. ती त्याच ध्वनिक्षेपकावरून, त्याच श्वासात सांगण्याची काय घाई आहे? ती उद्या सांगता येते, परवा सांगता येते. दोन हंगाम काढून घ्यायचे तर दोन दिवस थांबायला काय हरकत आहे? हल्ली प्रत्येकाच्या खिशात चित्रण करणारा फोन आहे, पुरावा कोठे पळून जात नाही.

ही थांबण्याची गोष्ट आम्ही एका गावी घडताना पाहिली. गावाचे नाव सांगत नाही, सांगण्याचे कारणही नाही. २०२३ च्या निकालानंतरचा हंगाम होता. दोन जोड्या शेजारी शेजारी पळत होत्या, मध्ये चुन्याची रेघ. दोन तृतीयांश अंतर गेले असेल, डावीकडचा छकडा रेघ ओलांडून उजवीकडे आला, चाकात चाक अडकले आणि उजवीकडचा छकडा उलटला. त्यातला धुरकरी फेकला गेला, त्याच्या गळ्याजवळचे हाड मोडले. एका बैलाच्या पुढच्या पायाला मोठी जखम झाली. पाच मिनिटांत ध्वनिक्षेपकावरून जाहीर झाले की डाव्या जोडीच्या धुरकऱ्याला दोन हंगामांची बंदी आणि ५००० रुपये दंड. मालकाने त्याच रात्री त्याला कामावरून काढले. चौथ्या दिवशी तो आमच्याकडे आला तो रिकाम्या हातांनी. त्याच्यापाशी बंदीचा कागद नव्हता, आरोपाचा नव्हता. होता तो उपरण्यात बांधलेला एक लाकडाचा तुकडा.

आम्ही समितीच्या लोकांना जाऊन भेटलो. भांडायला गेलो नाही. आम्ही एवढेच म्हणालो की शिक्षा तुम्ही दिलीत, ती राहू द्या; पण आरोप काय होता तो एका कागदावर लिहून द्या आणि त्याचे ऐकून घ्या. माणसे वाईट नव्हती. अध्यक्ष म्हणाले, "बसू की शनिवारी मारुतीच्या पारावर. ऐकायला काय जातं?" ह्या देशात निम्मा न्याय असा 'ऐकायला काय जातं' म्हणून मिळतो, आणि उरलेला त्याच वाक्यावर अडतो.

आरोप लिहायला शाळेच्या वहीचे चार कागद लागले. पहिल्यावर लिहिले, 'बेपर्वाई केली.' आम्ही म्हटले, हे तुमचे मत झाले. त्याने हाताने काय केले ते लिहा. दुसऱ्यावर लिहिले, 'दुसऱ्याच्या अंगावर गाडी घातली.' तेव्हा पंचांपैकीच एक म्हणाले की घातली की गेली, हे आपल्याला कोठे ठाऊक आहे? चौथ्या कागदावर वाक्य उतरले: 'आपली गाडी मधली रेघ ओलांडून उजवीकडे जात असता कासरा ओढून तिला न थोपविता पुढे हाकली.' हे वाक्य होईपर्यंत तासभर गेला. पण ते लिहून झाले आणि पारावरची हवा बदलली, कारण आता काय शोधायचे ते सर्वांना कळले.

दुसरी अडचण अशी निघाली की पाच पंचांपैकी एकांची स्वतःची जोडी त्या दिवशी पळाली होती, आणि डावी जोडी बाद झाल्यामुळे तिचा क्रमांक वर आला होता. हे आम्ही बोललो नाही. धुरकऱ्याने खाली बघत म्हटले, "तात्या, तुमची बी जोडी व्हती ना." ते गृहस्थ क्षणभर लाल झाले. मग उठले, चप्पल घातली, आणि पाराखाली इतरांबरोबर जाऊन बसले. त्या माणसाविषयी आमच्या मनात आजही आदर आहे. मोठमोठ्या कंपन्यांच्या चौकशांत आम्ही ह्याहून साधे आक्षेप घेतले, तरी कोणी खुर्ची सोडलेली आम्ही पाहिली नाही.

मग तीन फोनांवरची चित्रणे पाहिली. समोरून घेतलेल्या चित्रणात गाडी एकदम काटकोनात वळल्यासारखी दिसे. तेच सर्वत्र फिरले होते आणि त्याच्यावरच सगळे बोलत होते. समोरून अंतर कळत नाही, हे मोटारीच्या अपघातांच्या चौकशांत आम्ही पूर्वी पाहिले होते. बाजूने घेतलेल्या चित्रणात वेगळेच दिसले. आधी उजव्या बैलाची मान जुवातून सुटल्यासारखी बाहेर आली, आणि नंतर गाडी झुकली. तेव्हा धुरकऱ्याने उपरणे सोडले. आतला लाकडाचा तुकडा म्हणजे मोडलेली शिवळ होती. ती जुनी होती, मोड अर्धा काळा पडलेला आणि अर्धा ताजा. म्हणजे तडा आधीचा. मालकाला विचारले. ते म्हणाले, "शिवळ जुनी होती हे खरं. पण सकाळीच त्याला बदल म्हणून सांगितलं होतं." धुरकरी म्हणाला, "सांगितलं व्हतं मालक, पण नवी दिली न्हाई." मालक त्यावर काही बोलले नाहीत.

येथे आमच्यासारख्या माणसाला वाटते की झाले, सुटला. पण त्या चौकशीतला खरा प्रश्न आम्ही विचारला नाही, पंचांनीही विचारला नाही. जो पडला होता तो धुरकरी हात गळ्यात बांधून समोर बसला होता. त्याने विचारले, "शिवळ मोडली तवा आन् चाक लागलं तवा, मधी किती येळ गेला?"

आमचा माणूस विचार करून म्हणाला, "दोन-तीन झेपा गेल्या असतील."

"मग कासरा का न्हाई वढला?"

बराच वेळ कोणी बोलले नाही. पारावरच्या पिंपळाची पानेच काय ती वाजत होती.

"म्होरं व्हतो, दादा," तो म्हणाला.

पुढे होतो! वकिलाने हे उत्तर देऊ दिले नसते. पण ते दिल्यावर त्या दोघांमधले काहीतरी सैल झाले, हे आम्ही पाहिले. आणि पंचांनाही मार्ग सापडला. शिवळ मोडली ह्यात त्याचा दोष नाही. मोडल्यावर दोन-तीन झेपांत त्याने आवरायला हवे होते, ते आवरले नाही, कारण तो पुढे होता. ही हयगय आहे. दांडगाई नाही. पंचांनी हे दोन्ही शब्द लिहिले, त्याचा आम्हांस विशेष आनंद झाला. बंदी राहिली, पण चालू हंगामापुरती, आणि ती अपघाताच्या दिवसापासून मोजली. ५००० रुपयांचा दंड काढून टाकला. जो दिवसाच्या मजुरीवर पोट भरतो त्याला मालकाच्या ढालीच्या हिशेबाने दंड करणे पंचांनाच नंतर विचित्र वाटले.

मालकाचे काय? मालकावर शिक्षा करण्याचा अधिकार समितीला कोठून असणार! पण पुढच्या हंगामात कोणाची जोडी उतरवून घ्यायची हे समितीच्या हातात होते, आणि मालकाला जोडी उतरवायची होती. पडलेल्या धुरकऱ्याच्या उपचाराचा खर्च त्यांनी दोन हप्त्यांत द्यायचे कबूल केले. समितीनेही आपल्याकडे एक काम घेतले: सुटण्यापूर्वी पशुवैद्यक जसे बैल तपासतात, तसे गावच्या सुताराने जू, शिवळा, चाके आणि कासरे तपासायचे, आणि जो सामान बाद करील त्याचे नाव फलकावर लिहायचे. सुताराला त्या दिवसाची मजुरी मिळते. ती द्यायची की नाही ह्यावर मात्र चौकशीपेक्षा जास्त वाद झाला.

काही जण आम्हांस म्हणतात की तुमच्या माणसाची शेवटी बंदी राहिलीच, मग तुम्ही काय मिळवले? ह्या प्रश्नाची आम्हांस सवय आहे. संघटनेचा माणूस चौकशीला बसला म्हणजे तो माणूस सोडवायलाच बसला, असे मालकांना वाटते आणि कामगारांनाही वाटते. वस्तुतः पुष्कळ चौकशांत आमचा माणूस थोडाफार चुकलेला असतो. आम्ही बसतो ते त्याने केले तेवढेच त्याच्या नावावर लिहिले जावे म्हणून. दोन हंगामांतून एक हंगाम वजा होतो, तेव्हा तो उरलेला हंगाम कोणाच्या तरी खात्यावरून निघून दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर गेलेला असतो. येथे तो फुटक्या शिवळेच्या खात्यावर गेला.

जखमी बैल वाचला. तो आता पळत नाही, औताला चालतो, आणि त्याचा मालक म्हणतो की शेतात तो पूर्वीपेक्षा शहाणा झाला आहे. आमचा धुरकरी जुन्या मालकाकडे परत गेला नाही. मालकाने बोलावले होते, तरीही. त्या उन्हाळ्यात तो वसमतेकडे हळद शिजविण्याच्या कामावर गेला. पुढच्या हंगामात ज्याला त्याने पाडले होते त्याच्याच मालकाच्या जोडीवर तो बसला, हे आम्हांस मागाहून कळले, आणि कसे जमले ते दोघांपैकी एकानेही सांगितले नाही. सुताराचा फलक दोन वर्षे लागतो आहे. मोडलेल्या हाडाच्या उपचाराचा पहिला हप्ता ठरल्याप्रमाणे मिळाला. दुसरा पोळ्याला देतो असे मालक म्हणाले होते. तो पोळा होऊन गेला, आणि आम्ही त्यांना स्मरणाचे दुसरे पत्र मागच्याच आठवड्यात टाकले आहे.